ब्लेड किती दिवस पुरतं

२ फेब्रुवारी

वहिनी,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच बाजूला ठेवणार असशील तर ठेव, पण फेकू नकोस. यात माझं काही मागणं नाही. मागणं डॉक्टरचं आहे.

दादा बरा आहे. मी सध्या त्याच्याकडेच राहते. चष्म्याचं दुकान इथून जवळ पडतं म्हणून.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात एक नवी डॉक्टर आली आहे. तरुण आहे. बोलते कमी, हात बर्फासारखे थंड. दादाची जाडजूड फाइल तिच्यासमोर होती. त्यात आधीच्यांनी लिहिलेलं मला पाठ आहे: उदास, झोप फार, कामात लक्ष नाही, जखम नाही. तिने फाइल मिटली आणि विचारलं,

‘दाढी किती वेळा करता?’

‘रोज, मॅडम.’ दादा खुर्चीतही सावधानमध्ये बसतो, ते तुला सांगायला नको.

‘रोज?’

‘रोज सकाळी, मॅडम.’

ती लिहायला लागली, मग थांबली. ‘ब्लेड किती दिवस पुरतं?’

दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, दाढी तुझी. शेवटी म्हणाला, ‘आहे तेच चालू आहे, मॅडम. मागच्या हिवाळ्यापासून.’

तिने उठून त्याच्या गालावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाली, ‘यांना दाढी येतच नाही. हे रोज नुसता साबण खरवडतात.’

पलटणीने रोज दाढी करायला शिकवलं, म्हणून हा माणूस नसलेली दाढी करत होता. आजवर प्रत्येक डॉक्टरला त्याने ‘रोज’ सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. मी त्याच घरात राहते. मोरीत रेझर ठेवलेला मलाही रोज दिसतो.

बाहेर आल्यावर डॉक्टरने मला एकटीला थांबवलं. म्हणाली, ‘यांची पत्नी होती ना? त्यांना विचारा. अशा गोष्टी बायकोला आधी कळतात.’

तर विचारते. त्याला थंडी कधीपासून वाजायला लागली? ट्रकखाली सुरुंग फुटला, पाचही जण चालत बाहेर आले, अंगावर ओरखडा नाही म्हणून आपण सगळ्यांना फोन करून सांगत सुटलो. त्याच्या आधीपासून, की नंतर? आणि हे नणंदेने भावजयीला विचारायचं नसतं, तेव्हा शिव्या घालायच्या तर डॉक्टरला घाल. तुमच्यातलं नवरा-बायकोचं कधी थांबलं?

उत्तर नाही दिलंस तरी मी समजून घेईन. दिलंस तर लवकर दे.

तुझी नणंद
(कागदोपत्री अजून आहे)

१७ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. मनापासून आभार मानायचे होते, पण पहिल्याच ओळीत तू मला पकडलंस. खरं आहे. दुकान इथून जवळ नाही. दोन बस बदलाव्या लागतात. दादा मोरीत पडला होता. शेजारच्यांनी आवाज ऐकला. तेव्हापासून मी इथे आहे. तुला लिहिलं नाही, कारण तुला बोलावणं पाठवतेय असं तुला वाटलं असतं.

तू जे लिहिलंस ते मी डॉक्टरला वाचून दाखवलं. सगळं नाही. पंख्याचं दाखवलं.

मला ते माहीत नव्हतं. म्हणजे तो तुमचा पंखा गाजलेला होता, एवढंच माहीत होतं. तू लावायचीस, तो बंद करायचा. तू पुन्हा लावायचीस. मग तो स्वेटर घालून, उशी काखेत घेऊन पलीकडच्या खोलीत. एक शब्द न बोलता. आम्हाला सगळ्यांना तो विनोद वाटायचा. तुझ्या बाजूने तो कसा दिसत होता ते मी आत्ता वाचलं. ‘भर उन्हाळ्यात नवरा स्वेटर घालून उठून जातो, तेव्हा बाईने काय समजायचं?’ असं तू लिहिलंस. आणि ‘भांडला असता तरी राहिले असते.’

डॉक्टरने हे दोनदा वाचायला लावलं. स्फोटाआधी तो उघड्या अंगाने झोपायचा आणि त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यापासून स्वेटर, हे तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, ‘त्यांना कळवा. तो माणूस त्यांच्यापासून उठून जात नव्हता. त्याला खरंच थंडी वाजत होती.’

कळवलं.

सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलंय. आणखी एक तपासणी व्हायची आहे. खार कशी आहे? तिची उंची अजून वाढतेय का? दादा विचारत नाही. लेकीचा शाळेतला फोटो मात्र कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. स्वेटर काढताना दिसावा अशा बेताने.

नणंद

२१ मार्च

वहिनी,

सापडलं.

तपासणीच्या दिवशी त्याला एक इंजेक्शन देऊन बसवून ठेवलं आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत राहिले. शरीर संकटात सापडलंय असं त्याला भासवायचं आणि ते धावून येतं का बघायचं, अशी ती परीक्षा. दादाचं शरीर धावून आलं नाही. नर्सने मध्येच विचारलं, चक्कर येतेय का? ‘नाही, सिस्टर.’ त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, सिस्टर, याला विचारू नका, मला विचारा. दुकानात माझ्याकडेही असे येतात. डोळ्याला दिसत नसतं, पण तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून आलेले असतात.

डॉक्टरने समजावलं ते असं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. एका बारीक देठावर लोंबते. बाकीच्या ग्रंथींनी कधी, किती काम करायचं ते ती ठरवते. स्फोटाच्या दणक्यात डोकं हललं, देठ हिसकला. बाहेर रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, फोटोतही धड काही दिसत नाही. पण ती ग्रंथी हळूहळू गप्प होत गेली. मग थंडी, झोप, पोट सुटणं, दाढी जाणं, आणि ते दुसरं. सगळं एकाच मुळाचं.

दादाने ऐकून घेतलं. म्हणाला, ‘म्हणजे ठाणंच उडालंय, मॅडम. पुढच्या चौक्या शाबूत आहेत, पण हुकूमच येत नाही.’

ती पहिल्यांदा हसली. ‘हेच मी आता सगळ्यांना सांगणार.’

‘मग मी आळशी नाही?’

हे त्याने इतक्या साध्या आवाजात विचारलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

‘नाही,’ ती म्हणाली.

तू विचारलंस, आधीच्या डॉक्टरांना कळलं कसं नाही? मीही तावातावाने हेच विचारलं. ती म्हणाली, उदास माणूसही असाच दिसतो, असाच बोलतो. शिवाय जखम नसेल तर तिथे बघायची पद्धतच नाही. ती पद्धत बदलावी म्हणून तिने वर लिहिलंय. वरून उत्तर आलंय, एका माणसावरून नियम बदलत नाहीत.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी जास्त, दुपारी कमी. दुसऱ्या गोळ्या नंतर. पहिल्यांचा पाया बसल्याशिवाय दुसऱ्या दिल्या तर जिवावर बेतू शकतं. दाढीचं इंजेक्शन सगळ्यात शेवटी. गोळी चुकवायची नाही, आणि ताप आला तर दुप्पट घ्यायची, हे तिने त्याच्याकडून पाठ म्हणून घेतलं. पहारा बदलताना म्हणतात तसं त्याने ते म्हणून दाखवलं.

आणि वहिनी, चौथ्या दिवशी मी दुकानातून आले तर हा जिन्यात बसून शेजाऱ्याची छत्री दुरुस्त करत होता. मला बघून म्हणाला, ‘काय ढापणे, आज उशीर?’

ढापणी म्हणून त्याने मला शेवटचं कधी चिडवलं होतं, आठवत नाही. त्या दिवशी माझ्या हातून जेवण करपलं.

नणंद

११ एप्रिल

वहिनी,

थोडंच लिहिते. इथे बाकडं अरुंद आहे आणि कागद मांडीवर आहे.

दादा झोपलाय. दुसऱ्या गोळ्याही सुरू झाल्या आहेत. मधे थोडा मंदावला होता, पण ते हवामानामुळे असेल. खारीला सांग, तिचं पत्र त्याने वाचलं. म्हणजे मी वाचून दाखवलं.

‘आता तो कसा आहे’ असं तू विचारलंस. बरा आहे.

नणंद

१५ एप्रिल

वहिनी,

तू फोन केलास. दवाखान्याचा नंबर शोधून काढलास आणि वॉर्डातल्या नर्सकडून सगळं काढून घेतलंस. बाकडं आणि मांडी यांवरून तुला कळलं म्हणतेस. बरं झालं. मला खोटं धड जमत नाही.

आता तो धोक्याबाहेर आहे, हे आधी. बाकीचं ऐक.

त्याला ताप आला आणि उलट्या सुरू झाल्या. सकाळी उठवायला गेले तर ओळख नाही, हात गार. रक्तदाब लागेना. गाडी बोलावून नेलं. डॉक्टर धावत आली. मी सांगत होते, गोळ्या घेत होता हो, माझ्यासमोर डबी उघडायचा. ती म्हणाली, गोळ्या घेणाऱ्याची अशी गत होत नाही. शिरेतून औषध गेलं आणि अर्ध्या तासात, वहिनी, त्याचा चेहरा परत आला. जणू कोणी बाहेरून आत येऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी शिट्टी आला. आठवतो ना? त्याच ट्रकमध्ये दादाच्या शेजारी बसलेला. पुढचा दात तुटल्यापासून बोलताना शिट्टी वाजते तो. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. डॉक्टर तिथेच होती.

‘मॅडम, मी खाल्ल्या,’ तो म्हणाला.

‘काय खाल्लं?’

‘गोळ्या. हा अर्ध्या मला द्यायचा.’

दादा डोळे मिटून म्हणाला, ‘गप रे.’

‘गप काय गप! मेला असतास ना!’ शिट्टी इतक्या जोरात वाजली की शेजारचा पेशंट उठून बसला.

झालं असं. दादाला बरं वाटायला लागलं तेव्हा तो शिट्टीकडे गेला. शिट्टी भर दुपारी रजई घेऊन पडलेला. दादाने त्याला विचारलं, ब्लेड किती दिवस पुरतं? शिट्टी म्हणाला, ब्लेड कशाला लागतंय? एवढं पुरे झालं. डबीतलं अर्धं दादाने तिथेच मोजून दिलं, आणि पुढेही देत राहिला. डॉक्टरकडे घेऊन जायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. एका पाण्याच्या बाटलीत पाच माणसं भागवलेला माणूस तो. समोरचा तहानलेला दिसला की पहिला हात बाटलीकडे जातो. त्यात दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी पहिल्यांची गरज आणखी वाढवली. मग ताप.

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसली, जे ती कधी करत नाही. म्हणाली, ‘तुम्ही दोघांनी मिळून मला दोन अर्धी माणसं दिलीत. मला दोन पूर्ण हवीत. यापुढे वाटायचं असेल तर गोळी नाही वाटायची. माझा पत्ता वाटायचा.’

‘येस, मॅडम,’ दोघंही. एक झोपून, एक उभा.

मग तिने शिट्टीला खाली बसवलं आणि त्याच्या गालावरून बोट फिरवलं. तिचे हात किती गार आहेत ते बघून तो दचकला. म्हणाला, ‘मॅडम, तुम्हालाही हाच आजार आहे का?’

तू येऊ का म्हणून विचारलंस. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, अशा अवस्थेत नको. याचा अर्थ नको असा घेऊ नकोस. अशा अवस्थेत, असं त्याने म्हटलंय.

नणंद

२९ मे

वहिनी,

शिट्टीला तोच आजार निघाला. त्याच्या गोळ्या आता त्याच्या डबीत आहेत. बायको डबीला कुलूप लावते म्हणे.

मग दादा उठला. शब्दशः. कपाटातून जुनी वही काढून त्याने पाचांतल्या बाकीच्यांचे पत्ते शोधले. ट्रक चालवणारा सापडला. दिवसा झोपतो म्हणून त्याची पहारेकऱ्याची नोकरीही गेली होती. त्याला आणलं. तपासणी झाली. तोही तसाच. चौथ्याचा नुसता सकाळच्या रक्तातला आकडा कमी आहे, पुढचं व्हायचंय.

पाचवा गेला, तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी, तापात. हृदय बंद पडलं असं घरच्यांना सांगितलं होतं. दादा त्याच्या बायकोला भेटून आला. काय बोलला, मी विचारलं नाही. आल्यावर बराच वेळ जोडे न काढता बसून होता. मग म्हणाला, ‘ढापणे, त्यालाही थंडी वाजायची.’

पण आता एका माणसावरून नियम नाही, असं वरच्यांना म्हणता येईना. स्फोटाच्या जवळ असलेल्या प्रत्येकाचं, जखम असो नसो, सकाळचं रक्त तपासायचं, असं आपल्या दवाखान्यापुरतं मंजूर झालंय. सध्या आपल्यापुरतंच. डॉक्टर म्हणते, दार किलकिलं झालं, आता पाय घालून ठेवायचा.

तिने भिंतीवर लावायला कागद तयार केला होता: ‘आपण कधी स्फोटाच्या जवळ होतात का? थकवा, थंडी वाटत असल्यास कृपया आम्हाला सांगावे.’ दादाला दाखवला. त्याने मान हलवली.

‘कोणी येणार नाही, मॅडम.’

‘का?’

‘थकवा आहे असं कोण सांगेल? आणि कृपया लिहिलंत तर त्यांना वाटेल, दुसऱ्या कोणासाठी आहे. हुकूम लिहा.’

आता भिंतीवर एवढंच आहे: ‘स्फोटाच्या ५० पावलांच्या आत होता? सकाळी ८ वाजता, उपाशीपोटी हजर व्हा.’ पहिल्याच सोमवारी दाराबाहेर रांग लागली होती. उंचीप्रमाणे.

आता तुझ्याशी काम. उलट्या होत असताना गोळी पोटात टिकत नाही. तेव्हा मांडीत इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते घरातल्या कोणालातरी यायला हवं. मी शिकले. आधी संत्र्यावर सराव करायचा. पहिलं संत्रं माझ्या हातून खुर्चीखाली गेलं. दादा म्हणाला, ‘याला पुरस्कार द्या, पळून वाचलं.’ पण डॉक्टर म्हणते, एकाच्या भरवशावर राहू नका, दुसरं कोणीतरी हवं. शेजारीण तयार आहे. ती सुई बघून डोळे मिटते.

मी फक्त कळवतेय.

आणि खारीला पाठवलंस, ते दोन दिवस घर भरलेलं होतं. तो तिच्याशी बुद्धिबळात हरला आणि म्हणाला, पुन्हा मांड. पूर्वी हरला काय, जिंकला काय, उठून जायचा. जाताना तिने त्याला विचारलं, बाबा, तुम्हाला आईचा राग येतो का? तो म्हणाला, ‘अजून नाही. डॉक्टर म्हणाल्यात, हळूहळू सगळं परत येईल.’

नणंद

२० जून

वहिनी,

तुझं कार्ड आलं. ‘रविवारी सकाळी येते. इंजेक्शन शिकायला. संध्याकाळी परत.’ तीन वाक्यं. मी टेबलावर ठेवलं, दादाने वाचलं, उलटं करून मागेही काही आहे का ते बघितलं, पुन्हा टेबलावर ठेवलं.

गेल्या आठवड्यात त्याने नवीन ब्लेडची पुडी आणली. काल सकाळी मोरीतून ओरडला. धावत गेले तर हनुवटीवर कापलेलं, आणि हा आरशात बघत उभा. ‘धार विसरलो होतो,’ म्हणाला. इतका खूश मी त्याला त्याच्या बढतीच्या दिवशीही बघितला नव्हता.

तुला खोटी आशा लावणार नाही. हा आजार जाणारा नाही. डबी जन्मभराची आहे. दुपारी अजून तासभर आडवा होतो. काही शब्द चटकन आठवत नाहीत. आणि तो आता भांडतो, हेही आधीच सांगून ठेवते. परवा बसच्या वाहकाशी भांडला, काल माझ्याशी, मी भांडी घासते त्यावरून. मला म्हणाला, ‘ही काय पद्धत झाली?’ मी म्हटलं, सहा महिने हीच पद्धत होती, तेव्हा कुठे होतास? तो म्हणाला, ‘तेव्हा मी नव्हतोच.’ मग दोघंही हसलो. पण भांडी त्याने पुन्हा घासली.

आता हे शेवटचं, आणि मग मी दिवा घालवते, कारण उद्या दुकान आहे.

आज संध्याकाळी मी तुमच्या खोलीत तुझी उशी उन्हातून आणून ठेवत होते. एका दिवसासाठी येणाऱ्या माणसाला उशी कशाला, असं विचारू नकोस. दादा दारात उभा राहिला. स्वेटर घातलेला होता. आत आला, पलंगावर बसला. छताकडे बघत राहिला. मग स्वेटर डोक्यावरून काढला, उठला, आणि बटण दाबलं.

इतक्या वर्षांचा बंद पंखा. आधी नुसता गुरगुरला. मग फिरला, आणि वर साचलेली सगळी धूळ पलंगावर, उशीवर, आम्हा दोघांच्या डोक्यावर आली. मी खोकत ओरडले, अरे, हे काय करतोस?

तो तिथेच धुळीत उभा होता. गळ्याशी घाम होता. मी हाताने पुसून बघितला, खरा होता.

‘उकडतंय,’ तो म्हणाला.

उशीचा अभ्रा पुन्हा धुवायला टाकलाय. रविवारपर्यंत वाळेल. पंखा चालूच आहे.

तुझी नणंद